आतली कडी

७ जानेवारी

भागीदारांच्या प्रशिक्षणात सांगितलं की प्रकल्पप्रमुखाने अधूनमधून चार ओळी लिहाव्यात, आपण काय शिकलो ते. आढाव्याच्या वेळी त्या त्यांना पाठवायच्या. पाठवायच्या ओळी मी वेगळ्या लिहीन, गोड गोड. ही वही माझी. इथे कुणाला मस्का लावायचा नाही.

तर एकदाचा निधी मंजूर झाला. परदेशातली संस्था यंत्रं देणार, तंत्रज्ञाचा पगार देणार. आमच्या रुग्णालयाने जागा, वीज आणि वॉर्डातली माणसं द्यायची. याला भागीदारी म्हणतात. औषधांना दाद न देणारे जंतू कुठे किती आहेत ते शोधायचं, आणि कुठल्या रुग्णाला कुठलं औषध लागू पडेल ते वॉर्डाला कळवायचं. सहा महिन्यांनी आढावा. पुरेसे आणि चांगले नमुने तपासले असतील तर पुढचे पैसे, नाहीतर यंत्रं गुंडाळून दुसरीकडे.

मागच्या वर्षी एक बाळंतीण टाक्यांच्या जखमेने गेली. आम्ही अंधारात औषधं बदलत बसलो होतो, एक लागू पडेना की दुसरं. तिचा नवरा मला विचारत होता, नक्की कुठल्या जंतूने गेली? मला सांगता आलं नाही. त्या दिवसापासून मी या लॅबसाठी दारं ठोठावतेय. ही लॅब बंद पडलेली मला चालणार नाही.

जागेचा प्रश्नही सुटला. दुसऱ्या मजल्यावर जिन्याशेजारची खोली. रिकामीच होती. एक खाट, भिंतीवर आरसा, खुंट्यांवर चार साड्या, खाली चपला, एवढंच. आत स्वतंत्र संडास-मोरी, म्हणजे पाण्याची लाइन आयती. बैठकीत अधीक्षकांनी विचारलं, कुणाची हरकत? मेट्रनबाई म्हणाल्या, "आमचं काही नाही." बैठक चहा येण्याआधीच संपली.

२६ जानेवारी

खोलीचं रूप पालटलं. संडासाचं भांडं उखडून तिथे निर्जंतुकीकरणाचं यंत्र बसवलं. मोरीत नमुन्यांचं बेसिन. खुंट्यांच्या जागी फळ्या. आतली कडी काढून टाकली, कारण लॅबमध्ये कुणी आत अडकू नये असा भागीदारांचा नियम आहे. चार भोकं राहिली दारावर, ती रंगवून घ्यायची आहेत.

आरसा चांगल्या काचेचा होता, टाकवेना. माझ्या केबिनमध्ये लावून घेतला.

१८ फेब्रुवारी

सिस्टरांचं प्रशिक्षण झालं. रक्ताचा नमुना पहिलं इंजेक्शन द्यायच्या आधी घ्यायचा, लघवीचा नमुना घेतला की तडक लॅबमध्ये आणायचा, हे मी घसा फोडून सांगितलं. भागीदारांनी प्रत्येकीला पाण्याची बाटली भेट दिली. छान निळी, तिच्यावर छापलंय, 'अँटिबायोटिक जपून वापरा.' सगळ्यांनी कागदासकट पिशवीत टाकल्या. मुलांच्या शाळेला उपयोगी पडतील, असं एक म्हणाली.

मी स्वतःच्या पैशाने सगळ्यांसाठी चहा मागवला होता. एकीनेही घेतला नाही. कप तसेच गार झाले. ताठा आहे, दुसरं काय.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या हातचा असता तर समजले असते. हॉटेलचा चहा नको म्हणण्यासारखा काय?" नवरा हसला. मला नाही हसू आलं.

१२ मार्च

नमुने येतात, पण कसे? लॅबच्या दाराबाहेर खिडकीचा कट्टा आहे, तिथे ठेवून सिस्टर निघून जातात. दारावर टकटक नाही, हाक नाही. दुपारी तिथे ऊन येतं. लघवीची बाटली उन्हात राहिली की तिच्यात नसलेल्या जंतूंचीही जत्रा भरते. तपासून उपयोग शून्य. आमच्या तंत्रज्ञाने दर थोड्या वेळाने बाहेर डोकावायला सुरुवात केलीय. बिचारा काम करणार की राखण?

मी वॉर्डात जाऊन मेट्रनबाईंना गाठलं. या बाईंची उंची बेताची, पण समोर उभ्या राहिल्या की आपणच मान वर करून बोलतोय असं वाटतं.

"तुमच्या मुली आत का येत नाहीत?"

"कामात असतात, मॅडम."

"कट्ट्यापर्यंत येतात ना? पुढे दोन पावलं."

"सांगते त्यांना."

काही सांगितलं नसणार. दुसऱ्या दिवशीही बाटल्या कट्ट्यावरच.

मी आता दारावर मोठ्या अक्षरात लावलंय, नमुने हातात द्या. तंत्रज्ञ म्हणाला की एक सिस्टर दारापर्यंत येते, आत बघते आणि मागे वळते. त्याला वाटतं तो तिला आवडला. मी म्हटलं, तू बाटल्यांकडे लक्ष दे.

९ एप्रिल

संस्थेच्या समन्वयक महिन्यातून एकदा पडद्यावर भेटतात. मी त्यांना पडद्यावरच्या बाई म्हणते. माणूस वाईट नाही, पण त्यांच्यासमोर सतत आकडे असतात. म्हणाल्या, नमुने कमी आहेत आणि आलेल्यातले बरेच बाद. मी म्हटलं, वॉर्डाचं सहकार्य नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. मला जरा बरं वाटलं, चुगली केल्यावर वाटतं तसं.

दुसरी एक भानगड आहे. वॉर्डातल्या लघवीच्या जंतुसंसर्गाच्या गोळ्या रुग्णांच्या मानाने फार लवकर संपतात. कोण नेतंय? बाहेर विकतात की काय? अँटिबायोटिक जपून वापरा म्हणून आपण गावभर सांगायचं आणि आपल्याच कपाटाला गळती. अधीक्षकांना सांगून कपाटाला कुलूप लावलं, किल्ली माझ्या जुडग्यात. मेट्रनबाई समोरच होत्या.  चेहरा असा केला की जणू मीच गोळ्या चोरल्यात.

२ मे

आज वैताग. माझ्या केबिनमधला नळ फुटला, बाथरूममध्ये पाणीच पाणी. खालच्या मजल्यावर नातेवाइकांसाठीचा संडास आहे तिथे गेले. दाराला कडी नाही. रांगेत पुरुषही. एका हाताने दार धरायचं तर दुसऱ्या हाताने साडी सांभाळता येत नाही. तशीच परत आले आणि घरी पोचेपर्यंत कळ काढली. रिक्षावाल्याला तीनदा सांगितलं, जरा दामटा. घरी आल्यावर नवऱ्याने दार उघडायला उशीर केला तर त्याच्यावर खेकसले.

"एवढं काय झालं?" तो म्हणाला.

"माणसांनी काम करायची जागा आहे का ती!" मी आतून ओरडले.

दुपारीच फोन करून ठेवला होता, संध्याकाळच्या आत नळ दुरुस्त झाला पाहिजे. झाला. आवाज चढवल्याशिवाय इथे काही होत नाही.

२७ मे

पडद्यावरच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं. असंच चाललं तर आढाव्यात पुढच्या वर्षाची शिफारस त्या करू शकणार नाहीत. मी रात्री जेवले नाही. नवरा म्हणाला, "तू जंतूंशी भांडायला लॅब काढलीस आणि भांडतेस सिस्टरांशी." विनोद म्हणून ठीक आहे. पण यंत्रं गेली तर पुढच्या बाळंतिणीच्या नवऱ्याला मी काय सांगू?

११ जून

मेट्रनबाई आज वॉर्डात खुर्चीला धरून उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. मी विचारलं, बरं नाही का? "पाठ भरून आलीय," म्हणाल्या. तपासून घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "गोळी घेतलीय." कसली गोळी ते सांगेनात. पुढे विचारणार तेवढ्यात त्या वळून चालू लागल्या. जाऊ दे. आपण तरी किती मागे लागायचं.

१३ जून

मेट्रनबाईंना सकाळी वॉर्डातच थंडी वाजून ताप भरला आणि त्या कोसळल्या. जिथे इतकी वर्षं पाळ्या लावल्या त्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर ठेवलंय. रक्तदाब खाली. मूत्रपिंडातून जंतू रक्तात उतरलेत, हे उघड आहे. नेहमीचं इंजेक्शन सुरू केलं.

पण त्याआधी एक गोष्ट झाली. लॅबचं दार उघडलं आणि एक सिस्टर आत आली. तीच, दारातून मागे वळणारी. दोन्ही हातांत नमुने, रक्ताचे आणि लघवीचा, इंजेक्शनच्या आधी घेतलेले, नाव-वेळ घातलेले, जसं शिकवलं होतं अगदी तसं. म्हणजे सगळं माहीत होतं यांना.

"मेट्रनबाईंचं आहे," ती म्हणाली. मग तिने यंत्राकडे पाहिलं, भिंतीवर आरसा होता त्या जागेकडे पाहिलं, आणि तंत्रज्ञाकडे न बघता निघून गेली.

१४ जून

ताप उतरत नाही. दोन्ही नमुन्यांत जंतूंची वाढ दिसतेय. कुठलं औषध चालेल ते उद्या कळेल. तोवर हातावर हात ठेवून बसणं आलं. त्यांची बहीण बाकावर बसून आहे, तिने मला विचारलं, "वाचेल ना?" मी म्हटलं, उद्या सांगते. निदान या वेळी उद्या सांगता येईल.

१५ जून

जंतू नेहमीचाच, पण पक्का कोडगा. चालू इंजेक्शनला दाद देत नाही. कुलूप लावलेल्या कपाटातल्या गोळ्यांना तर अजिबातच नाही, जणू त्याच खाऊन वाढलाय. दोनच औषधं लागू पडतात, त्यातलं एक राखीव साठ्यात होतं. अधीक्षकांची सही घ्यायला मी जिने धावत चढले. सहा महिन्यांपूर्वी हे कळलं नसतं. आम्ही पुन्हा अंधारात बदलत बसलो असतो, आणि ही बाई गेली असती.

१८ जून

ताप उतरला. आज उठून बसल्या, पेज घेतली. मी हुरूपाने गेले होते, आपल्या लॅबने जीव वाचवला म्हणून. मनातल्या मनात पडद्यावरच्या बाईंना पाठवायच्या ओळीही तयार होत्या. खुर्ची ओढली, आणि नेहमीचे प्रश्न विचारायला लागले. ते बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवते.

"ड्युटीवर पाणी किती पिता?"

"नाही पीत."

"म्हणजे कमी?"

"म्हणजे नाही."

"असं कसं? का?"

"प्यायलं की जावं लागतं, मॅडम."

"मग जायचं."

"कुठे?"

खाली, असं मी म्हणणार होते. दोन मे. ती रांग, ते कडी नसलेलं दार.

त्या भिंतीकडे बघत बोलत होत्या. "खाली एकटीने जाता येत नाही. एकीने दार धरायला लागतं. वॉर्डात पाळीला दोघीच. दोघी गेल्या तर पेशंट कुणाच्या जिवावर? म्हणून सकाळी घरी जे काय प्यायचं ते, मग थेट संध्याकाळी. सगळ्यांचं तेच. जळजळ होते. गोळी घ्यायची. थांबली की बंद. तुम्ही कुलूप लावलंत, तर बाहेरून आणायला लागलो. दोन दिवसांच्या आणायच्या, महाग असतात."

"बैठकीत का नाही बोललात?"

"साहेब होते, हिशेबाचे होते, वायरमन होता. सगळे बाप्ये. त्यांच्यासमोर काय सांगणार, आम्हाला संडास लागतो म्हणून? आणि तुम्ही म्हणालात, खोली रिकामीच आहे."

"निदान मला तरी नंतर सांगायचं."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बाईमाणूस. मला वाटलं तुम्हाला माहीतच असणार. माहीत असून घेताय, असं वाटलं."

मी उठून केबिनमध्ये आले. तिथे तो आरसा. मी त्याच्याकडे पाठ करून बसले. लाज वाटली, फार वाटली. आणि खरं लिहायचं तर रागही आला, त्यांचाही आला. एक वाक्य बोलल्या असत्या तर हे झालं नसतं. मग आठवलं, त्यांनी चहा गार होऊ दिला होता आणि मी त्याला ताठा म्हटलं होतं.

१९ जून

घरी सगळं सांगितलं.  सासूबाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "पण तू ती खोली बघितली होतीस ना? साड्या कुणाच्या वाटल्या तुला?"

 मला साड्या दिसल्या होत्या. साड्या नेसणाऱ्या दिसल्या नव्हत्या.

२४ जून

परवा पडद्यावरच्या बाईंना सांगितलं, वॉर्डाचं सहकार्य नाही हे मी म्हटलेलं खोडून टाका. मग सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मध्ये एकदा डोळ्यांवरचा चष्माही काढला. मी विचारलं, सिस्टरांसाठी संडास बांधायला पैसे मिळतील?

"आमच्या अंदाजपत्रकात तसं शीर्षक नाही," त्या म्हणाल्या. "पाणी आणि स्वच्छता हा वेगळ्या निधीचा विषय आहे."

"जंतू एकच आहे," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, जागा हा रुग्णालयाचा हिस्सा आहे, कुठली द्यायची ते तुम्ही ठरवा. आत पाणी हवं, वीज हवी, एवढंच. पण यंत्रं हलवायला काम थांबवलंत तर नमुने आणखी कमी होतील, आणि आढाव्याची तारीख पुढे ढकलणं माझ्या हातात नाही.

आत पाणी आणि वीज असलेली एकच दुसरी खोली या मजल्यावर आहे. तिच्या दारावर माझं नाव आहे.

दोन दिवस मी दुसरा मार्ग शोधला. जिन्याखाली, गच्चीवर, गाड्यांच्या शेडमध्ये. केबिन सोडायची नव्हती म्हणून शोधत होते, हे मला ठाऊक होतं.

१ जुलै

अधीक्षकांना म्हटलं, लॅब माझ्या केबिनमध्ये हलवते. सिस्टरांची खोली सिस्टरांना.

"आणि तुम्ही कुठे बसणार?"

"चादरी ठेवतात त्या खोलीत."

"आढाव्याच्या तोंडावर? लॅब जाईल हातची, मॅडम."

"जाईल कदाचित."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "भांडं परत बसवायचा खर्च मी काढतो कुठूनतरी." हा माणूसही अगदीच वाईट नाही.

घरी नवरा म्हणाला, "चादरींच्या खोलीत? म्हणजे बढती झाली. दुपारी आडवं व्हायची सोय." या वेळी हसले. मग हसता हसता रडू आलं, कारण लॅब खरंच जाऊ शकते आणि मला दुसरं काही करता येत नाही.

२२ जुलै

यंत्रं हलली. एक काचेचं झाकण फुटलं, ते तंत्रज्ञाने फेविकॉलने चिकटवायचं ठरवलं होतं, मी वेळीच थांबवलं. या सगळ्यात काम बंद राहिलं. आढावा पथकासमोर मी आकडे आहेत तसे ठेवले, आणि ते का तसे आहेत तेही. 'काय शिकलो'च्या गोड ओळी लिहिल्याच नव्हत्या, तेव्हा मेट्रनबाईंच्या तपासणीचा अहवाल ठेवला, आणि त्यांच्या परवानगीने ते पाण्याचं बोलणंही.

५ ऑगस्ट

निर्णय आला. पूर्ण वर्ष नाही, सहा महिने. निम्म्या पैशात. त्यानंतर पुन्हा आढावा. पडद्यावरच्या बाईंनी खाली स्वतःची एक ओळ जोडली होती: यापुढे प्रत्येक रुग्णालयाला आम्ही विचारू की दिलेल्या खोलीत आधी कोण होतं. मी ती दोनदा वाचली. संस्थेला एवढं कळलं तर पुष्कळ झालं.

नमुने आता हातात मिळतात. सगळ्या सिस्टरांना मी सांगितलंय की स्वतःचीही तपासणी करून घ्या, गोळ्या पूर्ण मिळतील, कपाटाची किल्ली मेट्रनबाई रुजू झाल्या की त्यांच्याकडे. बहुतेकींनी लघवीच्या बाटल्या दिल्या. दोघींनी नाही दिल्या. त्यांचा माझ्यावर अजून विश्वास नाही आणि मी त्यांना काही म्हणणार नाही.

८ ऑगस्ट

मेट्रनबाई आज कामावर रुजू झाल्या. वाळल्यात, पण मान ताठ. सुतार सकाळीच येऊन गेला होता. जुन्या चार भोकांतच कडी बसली, नवी भोकं पाडावी लागली नाहीत. आरसा मी स्वतः नेऊन लावला. हातोडीचे दोन घाव बोटावर बसले, एक खिळ्यावर.

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. खाट पाहिली, खुंट्या पाहिल्या, आत जाऊन नळ सोडून पाहिला. त्यांच्या पिशवीत ती निळी बाटली होती, पाण्याने भरलेली. त्यांनी ती माझ्यादेखत तोंडाला लावली आणि निम्मी रिकामी केली.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आरसा जरा वाकडा लागलाय, थांबा, सरळ करून देते."

"राहू दे. मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबा."

मी बाहेर आले. दार लागलं, आणि आतून कडी सरकली.  हातोडी घेऊन मी लॅबमध्ये गेले.